आडातली गंगा

दुपारची झोप झाली की रघूत्तमरावांना कॉफी लागे आणि कॉफीला ताजं शेंदलेलं पाणी लागे. सकाळी भरून ठेवलेल्या पाण्याची कॉफी त्यांच्या जिभेला लगेच कळायची म्हणे. पितळी भांड्यांच्या दुकानात सारा जन्म ठोकाठोक ऐकण्यात गेलेल्या माणसाची जीभ एवढी नाजूक कशी, हे त्यांच्या बायकोलाही कधी उमगलं नव्हतं. पण सवय ती सवय. वैशाखातल्या त्या दुपारी परसातल्या फरशीवर पाऊल टेकवत नव्हतं, तरी त्यांची सून मंगला ओलेत्यानं कळशी घेऊन आडावर गेली.

चक्रपाणीच्या देवळामागच्या गल्लीतलं ते घर. कुंभकोणातली जुनी घरं असतात तसं अरुंद आणि लांबच लांब. पुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर बसलेल्या माणसाला सगळ्या खोल्यांच्या दारांतून थेट मागच्या परसातलं केळीचं पान हलताना दिसावं. तंजावरच्या मराठी राजांच्या पाठोपाठ ही माणसं इकडे आली. राज्य केव्हाच गेलं. घरात मराठी राहिली आणि सोवळं राहिलं, आणि खरं सांगायचं तर दोहोंत सोवळंच जास्त धडधाकट राहिलं.

त्या सोवळ्याचा गाभारा म्हणजे परसातला आड. त्याच्या दोराला ओलेत्यानं आलेल्या माणसानंच हात लावायचा. पाय धुतल्याशिवाय कठड्याजवळ फिरकायचं नाही. मंगलाची सासू, वेंकटलक्ष्मीबाई, या आडाची राखण अशी करायच्या की तिजोरीचीही कुणी करत नसेल. गल्लीच्या कोपऱ्यावर नगरपालिकेचा नळ येऊन बरीच वर्षं झाली होती. पण नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते, हे त्यांनी कुठंसं ऐकलं होतं. चामड्याला लागून आलेलं पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात येणं शक्य नव्हतं.

मंगलानं पोहरा सोडला. कप्पी करकरली. आत पाणी हिरवट काळं आणि गार दिसत होतं. कळशी भरून तिनं ती चुलीजवळच्या कट्ट्यावर ठेवली आणि कॉफीचं भांडं घ्यायला फळीकडे वळली.

पाठीमागं कळशी आडवी पडली.

मांजर असेल म्हणून तिनं पाहिलं. मांजर नव्हतं. कळशीचं बूड चांगलं रुंद होतं, कट्टा सपाट होता. पाणी फरशीवरून तिच्या पायांपर्यंत आलं. तिनं मुकाट्यानं पुसलं, पुन्हा आडावर गेली, आणि रघूत्तमरावांना कॉफी मिळाली. त्यांनी घोट घेतला आणि बरी आहे म्हणाले.

एकदाच झालं असतं तर ती विसरूनही गेली असती. पण दुपारची निजानीज झाली की ते होऊ लागलं. कधी कळशी, कधी पिण्याचा तांब्या. धुण्याच्या पाण्याच्या घंगाळाला कधी धक्का लागला नाही, गाईच्या बादलीला लागला नाही. सांडायचं ते नेमकं प्यायचं पाणी. आणि एकदा सांडलेल्या पाण्यातून निघालेली ओली पावलं तिनं पाहिली. लहानशी, बाईची पावलं. मंगलाची नव्हेत, कारण ती आत उभी होती आणि पावलं मागच्या दारातून बाहेर गेली होती. उन्हात ती बघता बघता सुकली.

तिला तेव्हा दिवस गेले होते. तिनं पोटावर हात ठेवला आणि सासूकडे गेली.

वेंकटलक्ष्मीबाई वाती वळत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"पावलं कोठं गेली?"

"परसात, आत्याबाई."

"आडाकडं?"

"नीट पाहिलं नाही मी. भ्यालें मी."

त्यांनी मंगलाला जवळ ओढून बसवलं. एरवी ओलेत्यानं नसलेल्या सुनेला त्या दोन हात लांब ठेवायच्या, पण त्या दिवशी त्यांना त्याचं भान राहिलं नाही.

"ती भागीरथी ग," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुज सांगणारच नव्हतें."

भागीरथी म्हणजे मंगलाच्या नवऱ्याची, वादिराजाची, पहिली बायको. ती गेल्याचं मंगलाला लग्नाआधीच सांगितलं होतं. कशी गेली ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. महामखाच्या वर्षी तिला मुलगा झाला. सगळ्या नद्या कुंभकोणाच्या तळ्यात उतरतात तो महामखाचा पर्वकाळ, त्यातला जन्म, म्हणून घरादाराला केवढा आनंद. मूल काही महिन्यांचं झालं आणि त्याला जुलाब लागले. ते गेलं. ते जातं न जातं तोच भागीरथीला ताप भरला, आतडी पिळून निघाली, आणि तीही त्याच वाटेनं गेली.

"शेवटीं जीभ कोरडी पडलेली तिची," वेंकटलक्ष्मीबाई म्हणाल्या. "मी मडीनं, सोवळ्यानं आडाचं पाणी आणलें, हातानं पाजायला गेलें. तर हातानं फुलपात्र लोटलं तिणं… अस्सं. तोंड फिरवलं. माझ्यावर राग होता की काय कोण जाणे. तहानेली गेली ग. पापम्, बिचारी… तहान राहिली तिची."

म्हणून दर अमावास्येला त्या आडाच्या कठड्यावर तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या. आणि दर अमावास्येला तो लवंडलेला सापडायचा.

"पितही नाही, जातही नाही. तुझं पोट पाहून आली आहे आता."

मंगलाच्या अंगावर काटा आला. सवतीच्या भुतानं गर्भारशीला धरल्याच्या गोष्टी तिनं लहानपणापासून ऐकल्या होत्या. त्या गोष्टींतली गर्भारशी आपणच होऊ, असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं. तिला मूल हवं होतं. आईवेगळी वाढलेली मुलगी ती, आणि आपलं म्हणावं असं या जगात काय ते तिच्या पोटातच होतं. ते सुखरूप हातात यावं, यापलीकडे तिचं देवाकडे काही मागणं नव्हतं.

आता इथं त्या परसाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. महामखापूर्वी या घराचा शौचकूप गल्लीभर सगळ्यांचा होता तसाच होता. मागच्या बोळातून भंगीण यायची आणि परसातून टोपली घेऊन जायची. तिच्या वाटेत आड. तिची सावली आडावर पडू नये म्हणून वेंकटलक्ष्मीबाई सकाळी सकाळी परसात उभ्या राहून तमिळमधून ओरडायच्या, आणि त्या बिचारीनं भिंतीला चिकटून जायचं. महामखाला घरभर पाहुणे येणार आणि भंगीण दिवसातून किती वेळा येणार, या काळजीनं त्यांना झोप येईना. तेव्हा रघूत्तमरावांनी तोडगा काढला. परसातच खोल खड्डा खणून, वर दगडी चिरा बसवून, नव्या तऱ्हेचा संडास बांधला. भंगीण नको, टोपली नको. सगळं जमिनीच्या पोटात. गल्लीतली झाडून सगळी पुरुषमंडळी पाहायला आली आणि रघूत्तमराव चिऱ्यावर उभे राहून मठाधिपतीसारखे नमस्कार घेत राहिले. खड्डा आडापासून लांब घ्यायला परसात जागा नव्हती. आणि घ्यायची कशाला? चिरा घट्ट होता. वास नाही, सावली नाही, शिवाशिव नाही.

भंगिणीचं येणं थांबलं. आड पूर्ण सोवळा झाला.

आणखी एक नवल झालं. महामख उलटलं आणि आडाचं पाणी वाढलं. आतल्या एका बाजूच्या दगडांच्या सांधीतून बारीकशी धार पाझरू लागली. पूर्वी तिथं झरा नव्हता. वेंकटलक्ष्मीबाईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. सगळ्या नद्या तळ्यात आल्या होत्या, त्यांतली गंगा वाट चुकून आपल्या आडात राहिली, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. त्या दगडाच्या वर, कठड्यावर, त्या रोज हळदकुंकू वाहू लागल्या. मंगलाही वाहायची. कुणालाही आत वाकून हे विचारावंसं वाटलं नाही की गंगा नेमकी संडासाच्या बाजूनं का आली.

उन्हाळा सरला. कावेरीला पाणी आलं. मंगलाचं पोट दिसू लागलं, आणि पाण्याची भांडी आता दुपारच्या निजानिजेची वाट न पाहता लवंडू लागली. वादिराज एक दिवस सकाळच्या बसनं तिरुक्करुगावूरला गेला आणि गर्भ राखणाऱ्या देवीच्या पायांवरचं तेल घेऊन आला. बाटली त्यानं मंगलाच्या हातात दिली. बोलका माणूस नव्हे तो, आणि भागीरथीचं नाव तर त्यानं लग्नानंतर एकदाही घेतलं नव्हतं.

"वाईट नव्हती ग ती," तो एवढंच म्हणाला. "मुंगीला पाय लागू देत नव्हती."

"मग आता काय मागती माझ्याकडं?"

त्यानं बाटली तिच्या हातातून घेऊन देवापुढे ठेवली.

शेवटी वेंकटलक्ष्मीबाईंनीच ठरवलं. पट्टीश्वरमकडचा महालिंग नावाचा मांत्रिक होता. आडाच्या खांबात खिळा ठोकून तो असल्यांना बांधून टाकायचा. एकदा बांधलेलं पुन्हा हलत नसे. आडी महिन्याच्या, म्हणजे तमिळ आषाढाच्या अमावास्येला, पाहुणे परतले की तिन्हीसांजेला त्याला मागच्या दारानं आणायचं, असं ठरलं. एवढ्या कर्मठ घरात मांत्रिक पुढच्या दारानं कसा येणार? मंगलाला सुटल्यासारखं वाटलं. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला त्या लहानशा ओल्या पावलांची आठवण येऊन वाईटही वाटलं. का वाटलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

आडी अमावास्येला कावेरीत स्नान करायला आदल्या दिवशीच नातेवाईक येऊन थडकले. घर भरलं. संडासापुढे रांग लागली. रघूत्तमरावांना पाहुण्यांपुढे आपल्या संडासाची अब्रू जायला नको होती. दुकानातल्या गड्याकडून त्यांनी फिनेलची मोठी बाटली आणवली आणि सगळीच्या सगळी स्वतःच्या हातानं आत ओतली. वर आणखी चार घागरी पाणी. "आता वास घेऊन दाखवा कुणी," असं पाहुण्यांना म्हणून झालं.

अमावास्येच्या दिवशी स्नानं झाली, तर्पणं झाली, पानं उठली. भर दुपारी जो तो जागा मिळेल तिथं आडवा झाला. पंख्याची पानं हातातून गळाली. घरात घोरण्याचा आणि माश्यांचा आवाज तेवढा राहिला. मंगला स्वयंपाकघरात एकटी होती. सकाळपासून उभी, घशाला कोरड. तिनं ताजं पाणी शेंदून आणलं होतं. तांब्यातून फुलपात्रात ओतलं आणि उभ्या उभ्या तोंडाशी नेलं.

तिच्या हातावर हात पडला.

तो हात ओला होता. आडाच्या आतल्या दगडांना असतो तसला गारवा त्याला होता. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या आणि त्या वाजल्या नाहीत. मंगलाला मान वळवता येईना. खाली नजर गेली तेवढं दिसलं… ओल्या लुगड्याचा काठ, आणि त्याखाली लहानशी पावलं. त्यांच्याभोवती पाणी जमत होतं.

ओरडावं असं तिच्या मनात आलं. आवाज निघाला तो कुजबुजल्याइतकाच.

"अक्का… माझं बाळ घेऊ नको…"

पाठीमागून श्वास घेतल्यासारखं झालं. श्वास कसला, बुडणाऱ्या माणसाच्या घशात पाणी वाजतं तसं काहीतरी.

"नको…"

"काय नको?"

"नको… पिऊ नको…"

हातावरचा दाब वाढला. तो दाब फुलपात्र हिसकावत नव्हता. तापातल्या पोराच्या हातातून आई नको ती वस्तू सोडवून घेते, तसा हळूहळू तो तिची बोटं सोडवत होता. फुलपात्र पडलं. पाणी उडून मंगलाच्या तोंडावर आलं, आणि तेव्हा तिला वास आला.

फिनेलचा.

गर्भारपणात नाक किती तिखट होतं ते बायकांना सांगायला नको. घरातल्या इतर कुणाला तो वास आला नसता. पण मंगलाला आला, अगदी स्पष्ट. तिनं कळशीवर वाकून वास घेतला. तिथंही होता. ओली पावलं मागच्या दारातून बाहेर निघाली होती. या वेळी ती त्यांच्या मागोमाग गेली. भीती गेली होती असं नाही. पण त्या हातात राग नव्हता, एवढं तिला कळलं होतं, आणि तेवढ्यावर ती चालत राहिली.

पावलं आडाकडे गेलीच नाहीत. ती परसातून सरळ दगडी चिऱ्यापाशी गेली, चिऱ्यावर चढली आणि तिथंच संपली. मंगला अवघडून खाली बसली आणि तिनं तापलेल्या दगडाला कान लावला. आत, खाली, पाणी पाझरत होतं. मग ती उठून आडाशी गेली आणि कठड्यावरून वाकली. नव्या झऱ्याची धार दगडावरून उतरत होती. आवाज तोच होता.

तिला सगळं कळलं, आणि कळल्यावर रडू कोसळलं. भागीरथी तहानेली नव्हती. ती काही मागायला आली नव्हती. मरताना जे तिनं हातानं लोटलं तेच ती अजून लोटत होती, आणि हे घर तिला खिळा ठोकून बांधायला निघालं होतं.

वेंकटलक्ष्मीबाई मधल्या खोलीत पडल्या होत्या. मंगलानं त्यांना हलवून उठवलं.

"आत्याबाई, आडाच्या पाण्याला फिनेलचा वास येतो आहे."

"डोहाळे ग तुझे."

"या आणि पाहा. तुमच्या हातानं शेंदा."

सुनेचा हा सूर त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्या आल्या. पाय धुतले, घागरभर पाणी अंगावर ओतून घेतलं, ओलेत्यानं दोर धरला. अशा वेळीसुद्धा त्यांचं सोवळं चुकलं नाही. पोहरा वर आला. त्यांनी ओंजळ भरली, नाकाशी नेली, आणि काही नाही म्हणणारच होत्या. मग त्यांनी पुन्हा हुंगलं.

"परसात सांडलें असेल ह्यांणी," त्या म्हणाल्या.

"मामंजींनी संडासात ओतलं. आडात नाही ओतलं."

वेंकटलक्ष्मीबाईंनी आधी चिऱ्याकडे पाहिलं. मग आडाच्या त्या बाजूकडे पाहिलं, जिथं कठड्यावर सकाळचं हळदकुंकू अजून ओलं होतं. मधलं अंतर एका धोतराच्या वाळवणीचं. ओंजळीतलं पाणी त्यांच्या बोटांतून गळून गेलं.

"गंगा ग ती…" त्या म्हणाल्या. "गंगा म्हणून पाजलें मी. बाळालाही. चमच्यानं पाजलें."

मंगलानं पोहरा फरशीवर उपडा केला.

"ती नको म्हणाली. लोटलं तिणं. आणि मी डोकं धरून…" त्या कठड्याला टेकून खाली बसल्या. ओल्या लुगड्यातली ती म्हातारी आता अगदी एवढीशी दिसत होती. मंगलाला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. जीव ओवाळून टाकावा तशी राखण केली होती बाईनं, आणि राखलं काय, तर हे. मंगलानं तिला उठवून आत नेलं. शिवाशिवीचा विचार दोघींच्याही मनात आला नाही.

रघूत्तमरावांनी आधी सगळं उडवून लावलं. मग त्यांना पाणी हुंगायला दिलं. त्यांची ती नामांकित जीभ कामाला आली नव्हती, पण फिनेल त्यांनीच विकत घेतलं होतं आणि त्याचा वास ते ओळखत होते. ते तिण्णैवर जाऊन बसले ते दिवेलागणीपर्यंत. तिन्हीसांजेला महालिंग मांत्रिक मागच्या दाराशी आला, तेव्हा वादिराजानं त्याला दारातूनच परत पाठवलं.

"कुणाला बांधायचं नाही आमच्या घरी," तो तमिळमधून म्हणाला. त्यानं दार लावून घेतलं.

मग वेंकटलक्ष्मीबाईंनी एक गोष्ट केली. मोठा चकचकीत तांब्या घेतला, डोक्यावरून पदर ओढला आणि त्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या नळाशी जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. गल्लीतल्या बायका बाजूला सरून बघत राहिल्या. शेजारची वेदवती पुढं येऊन म्हणाली, "अम्मा, तुमी? द्या, मी भरून देतें." त्यांनी मान हलवली. तोटीतली चामड्याची चकती त्यांना ठाऊक होती. त्यांनी स्वतःच्या हातानं तोटी फिरवली, तांब्या भरला, घरी आणला आणि अमावास्येच्या काळोखात आडाच्या कठड्यावर ठेवला.

"भागीरथी," त्या म्हणाल्या, "हे पी ग आता. आणि मज क्षमा कर, जमलं तर."

सकाळी तांब्या उभा होता. ठेवला होता तसाच, सरळ. आणि कोरडा ठणठणीत होता.

त्यानंतर त्या घरात सगळे नळाचं पाणी प्यायले. संडासाचा खड्डा उपसून बुजवला. आडावर फळ्या ठोकल्या. कळशी लवंडली नाही, तांब्या लवंडला नाही. दर अमावास्येला कठड्यावरचं पाणी रात्रीत संपायचं आणि सकाळी वेंकटलक्ष्मीबाई रिकामा तांब्या छातीशी धरून आत यायच्या. मार्गशीर्षात मंगलाला मुलगी झाली. गुटगुटीत, रडायला लागली की गल्ली जागी करणारी. बारशाला नाव काय ठेवायचं म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. तेव्हा मंगलाच म्हणाली की भागीरथी ठेवा. वादिराज उठून परसात गेला आणि बराच वेळ आला नाही.

गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं.

पण रघूत्तमरावांचा संडास गल्लीनं पाहिला होता. भंगिणीशिवायचा संडास ही सोय एकदा पाहिलेली माणसं ती विसरत नाहीत. एकेका परसात खड्डे खणले गेले. रघूत्तमराव घरोघर जाऊन नको म्हणून सांगू लागले, तर लोक हसून म्हणायचे की तुमच्या आडात भूत होतं, आमच्या आडात नाही. पलीकडच्या गल्लीत झाले, नदीकाठच्या आळीत झाले. नदीच्या वाळूत मोठी विहीर होती, तिचं पाणी नळाला यायचं. काठावर रेशीम रंगवणारे होते, धोबी होते, गुरं धुणारे होते, आणि आता हेही. कुणी वाईट माणूस नव्हतं. जो तो आपलं घर स्वच्छ ठेवत होता.

छोटी भागीरथी चालायला लागली, दोन दोन शब्द जोडायला लागली. दुसऱ्या वर्षीचा वैशाख आला. असलीच एक दुपार, घरभर निजानीज, मंगला स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. पोरीनं पाणी मागितलं. मंगलानं नळाच्या घागरीतून तिचं छोटं फुलपात्र भरून दिलं आणि पुन्हा सुपाकडे वळली.

थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की पोर पीत नाही. फुलपात्र दोन्ही हातांत धरून ती मागच्या दाराकडे पाहत होती. दारात कुणी नव्हतं. बाहेर ऊन, आणि फळ्या ठोकलेला आड. पोरीनं कुणाचं तरी ऐकावं तशी मान कलती केली. मग एक हात वर करून, तळवा उघडून, तिनं फुलपात्र लोटून दिलं. आणि तोंड फिरवलं.

"असं का ग केलंस?" मंगलानं विचारलं.

"नको म्हणते," पोर म्हणाली.

"कोण?"

पोर आईला येऊन बिलगली. तिचं मनगट ओलं होतं, आणि गार.

मंगला उठली. नळाची ती घागर तिनं सकाळी स्वतः भरली होती. तिनं झाकण काढलं. पाणी नितळ होतं, तळाची कल्हई दिसत होती. ती वाकली आणि तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. मग पोरीला काखेत घट्ट धरून ती कितीतरी वेळ त्या घागरीवर वाकून उभी राहिली.

पाण्याला कसलाच वास येत नव्हता.